तीस सेकंद

जरा हनुवटी वर करा, मी म्हणते,
आणि तौनो रेकोला मुकाट्यानं हनुवटी वर करतात.
चार वर्षं आरोग्यमंत्री होते.
तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून मान हलवल्याचं
निदान मला आठवत नाही.

टाम्पेरेच्या या स्टुडिओला खिडकी नाही.
बाहेर दुपारी तीनलाच अंधार,
आत बारा दिव्यांचा आरसा.
फार चमकतं ना कपाळ, ते विचारतात,
निवडणूक हरलो तसे केसही मागे सरकले.

मी हसते. पफ थांबवत नाही.
हे कपाळ माझ्या फ्रीजवर होतं एकेकाळी,
वर्तमानपत्रातून कापलेलं,
आमच्या गावातला प्रसूती विभाग
त्यांच्या सहीनं बंद झाला त्या आठवड्यात.
मी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं:
विषय विचाराधीन आहे.

वेन्ला काही विचाराधीन राहिली नाही.
ती आली महामार्गावर, टॅक्सीत,
उणे सव्वीसमध्ये, दवाखाना अजून नव्वद किलोमीटर.
टॅक्सीवाल्यानं, याल्मारी नाव त्याचं,
आधी मीटर बंद केला,
मग स्वतःचा कोट काढला.

आता सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सव्वासातला
हे लोकांना प्रश्न विचारतात.
नेमकं सांगा, म्हणतात, आढेवेढे नकोत,
तुमच्याकडे तीस सेकंद.
वेळ मारून नेण्यात ज्यांची हयात गेली
ते घड्याळाकडे बोट दाखवतात
आणि सगळा देश हसतो. मीही.
छान करतात, खोटं कशाला बोलू.
हरलेल्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवतात.
ते मात्र कुणी शिकवलेलं नसावं.

कानात शेंगदाण्याएवढं यंत्र.
यातून सगळं सांगतात, ते म्हणाले काल,
कुठे वळायचं, कधी गप्प बसायचं.
मंत्रालयात असतं तर हे.

आज त्यांचं लक्ष आरशाच्या कोपऱ्यात गेलं,
दात पडलेल्या वेन्लाच्या फोटोकडे.
तुमची? कुठे झाली?

मी रस्त्याचं नाव सांगितलं.
गावाचं नाही, रस्त्याचं.

ब्रश त्यांच्या डाव्या भुवईवर होता.
दारातून कुणी ओरडलं, दोन मिनिटं.
कानातलं यंत्र अजून चालू केलं नव्हतं.
मी मोजत नव्हते, पण
भिंतीवरचा काटा समोरच होता,
सहावरून बारावर गेला.

मग पावडरमधून घाम वर आला,
बारीक, कपाळभर.
मी नवा टिशू घेतला
आणि पहिल्यापासून सुरुवात केली.