मीटर

जिन्याखाली बेस्टची मीटरं आहेत, ओळीनं अकरा.
आमचं सातवं.
दूध आणायला उतरते तेव्हा उभी राहून बघते
त्याचा लाल ठिपका किती वेळानं मिचकतो.
फ्रिज भिंतीला चिकटून होता तेव्हा भरभर मिचकायचा.
वीतभर पुढे ओढला,
आणि बिल अडुसष्ट रुपयांनी उतरलं.
ही बातमी मी वरच्या दोन्ही मजल्यांना सांगितली,
त्यांनी विचारलेली नसताना.

माझगावात मला चिंगूस म्हणतात.
म्हणोत.
कुकरची रिंग सैल झाली की तासभर फ्रीजरमध्ये ठेवते,
अजून महिना निघतो.
टूथपेस्टची ट्यूब संपली म्हणतात तेव्हा ती संपलेली नसते,
कात्रीनं मधोमध कापा,
आत चौघांचे तीन दिवस निघतात.
चादर मध्येच विरते, कडा शाबूत राहतात.
उभी फाडायची, कडेला कड जोडून मध्ये आणायची,
विरलेलं कडेला जातं, गादीखाली.
शिवण पाठीला टोचते पहिले आठ दिवस.
मग पाठीला कळतं.

पंख्याचा कपॅसिटर लॅमिंग्टन रोडला साठ रुपयांत मिळतो,
बसवायचे वायरमन साडेतीनशे मागतो.
मेन बंद केला, स्टुलावर चढले, बसवला.
निषाद खाली स्टूल धरून म्हणत होता,
आई, मरशील तर हे केवढ्याला पडेल?

सगळंच साधतं असं नाही.
लिंबाच्या साली नि गूळ घालून फरशीचं पाणी करायला ठेवलं,
बूच घट्ट लावून, कपाटात, अंधारात.
रात्री दीड वाजता बाटली फुटली.
लग्नातल्या शालूवर.
ड्रायक्लीनिंगचे चारशे मी वहीत लिहिले,
'किरकोळ' म्हणून.

यातली निम्मी विद्या पर्पेच्युआ डिमेलोची.
आमची तिची भिंत एक.
गेलेल्या बल्बवर मोजा चढवून ती असं रफू करते
की बोटांनाही सापडत नाही.
"फेकाला अक्कल नाय लागत, गो," म्हणते.
आमच्यात पेपर एक, सकाळी माझा, दुपारी तिचा,
रद्दी एक महिना तिची, एक माझी.
फेब्रुवारी कुणाचा, यावरून दरवर्षी थोडं वाजतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी, रात्री पावणेतीनला
तिनं भिंतीवर पळी आपटली. तीनदा.
मुलगा दोह्याला. घरात ती, आणि तिचा श्वास,
जो येत नव्हता.

मला माहीत आहे की बारा ते पाच भाडं जादा असतं.
मला हेही माहीत आहे की नाक्यापर्यंत चालत गेलं
तर टॅक्सीला वळसा पडत नाही, तेवढे रुपये वाचतात.
यांनी टॅक्सी थेट फाटकात आणली,
मी तिला कुशीत घेऊन मागे बसले
आणि जेजेच्या दारापर्यंत
एकदाही पुढे मीटरकडे पाहिलं नाही.
उतरल्यावर टॅक्सी उभीच ठेवली.
तिला आत घेईपर्यंत, कागद होईपर्यंत,
तिच्या नाकाला नळी लागून
माझं मनगट तिच्या हातून सुटेपर्यंत.
बाहेर आले तेव्हा उजाडत होतं.
ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता.
पर्समध्ये हात घालून जे आलं ते दिलं.

त्या तारखेला वहीत 'टॅक्सी' लिहिलंय,
पुढचा रकाना कोरा.

दहाव्या दिवशी ती घरी आली.
जिना चढताना दर पायरीला थांबली,
दारात टेकली, नि सगळ्यात आधी बटवा काढला.
"टॅक्सीचे किती झाले?"
मी म्हटलं, "मीटर बंद होतं."
तिनं माझ्याकडे पाहिलं.
सत्तर वर्षं टॅक्सीवाल्यांशी भांडलेली बाई.
"मीटर बंद असला तर ते जास्तीच घेतात," म्हणाली.

मी उठले. म्हटलं, चहा टाकते.
"एकच कप टाक," ती म्हणाली,
"अर्धा अर्धा घेऊ."