वेढे

फ्लेक्सवर सगळ्यात खाली, डावीकडून सातवा,
गॉगल घातलेला, तो मी. सम्मेद चौगुले.
वरती बंट्यादादा, पाठीमागं वाघ,
मध्ये तलवारीनं कापलेला केक.
माझ्या नावापुढं ‘युवा नेते’ छापलेलं.
वय सोळा, दहावीचे दोन विषय राहिलेले.

आई म्हणायची, ह्याला वळणच नाही.
खरं होतं. सांगलीत मला ठाऊक होती ती वळणं दोनच,
एक आयर्विन पुलाच्या तोंडाशी, जिथं पोलीस असतात,
दुसरं हरिपूर रस्त्याला, जिथं नसतात.

त्या दुसऱ्यावरनं रात्री अडीचला
आम्ही मळीत उतरायचो.
दोघं मोटारीचे नट सोडायचे,
एक जण मोबाईलचा उजेड मुठीत दाबून धरायचा. तो मी.
घणानं बॉडी फुटायची, आतलं तांबं
कोंबडीच्या आतड्यासारखं ओढून काढायचो.
मग दादा पाठीवर थाप मारायचा.
त्या थापेसाठी मी काय पण केलं असतं.
घरात पाठीला नुसता पट्टा माहीत होता.

एकदा गुंडाळी जाळायची राहिली.
तशीच नेली कुपवाड फाट्याला, भंगाराच्या काट्यावर.
शेजारच्या वाइंडिंगच्या दुकानातनं
जैबूनभाभी चहाचा कप घेऊन आली,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
हिरवा दोरा. दुहेरी गाठ.
“ही गाठ माझी हाय,” म्हणाली.
“मगदूमअण्णाची मोटार. मार्चात भरलीय.”

मी पळायला हवं होतं. गाडी चालूच होती.
पण ती ओरडली नाही, तिथंच पाय अडकला.
एक रिकामी बॉडी पुढ्यात सरकवली.
“उसवता येतंय न्हवं? आता भर.”

छत्तीस खाचा. कॉइलला बेचाळीस वेढे.
एकोणचाळीसला फोन वाजायचा, दादाचा.
पुन्हा एकपासून.
भाभी चुकलेली तार कापू द्यायची नाही,
उलगडायला लावायची.
तिसऱ्या दिवशी बोटं चिरली.
कितव्या दिवशी ते आठवत नाही,
पण बेचाळीस झाले आणि फोन वाजलेला
मला कळलाच नव्हता.

दादा आला एकदा, बुलेटवर, दुकानापर्यंत.
भाभीनं विचारलं, “काय रं, मिक्सर बिघडलाय का घरचा?”
तो हसला. जाताना माझ्याकडं बघून
गळ्यावरनं बोट फिरवलं.
ते बोट अजून फिरतं अधनंमधनं, झोपेत.

मगदूमअण्णाच्या मळीत मोटार बसवायला मीच गेलो.
बॉडी भाभीच्या अडगळीतली, तांबं माझ्या पगारातलं.
तीच घसरण. दिवसा किती लहान दिसते.
बटण दाबलं. मोटार खाकरली,
पाणी आलं, आधी गढूळ, मग उसाच्या सरीत जाण्याजोगं.
अण्णा खूश. “ज्यानं पयली नेली
त्याचं हात झडू देत,” म्हणाले,
आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

भाभी म्हणाली होती, सांगायचं का न्हाय
ते तुझं तू बघ.
मी म्हणालो, “अण्णा, ती मोटार...”
पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.
त्यांनी कानामागं हात धरला.

मी स्टार्टरचं लाल बटण दाबलं.
आणि परत म्हणालो.