दिव्याचं बटण

माझं काम एवढंच: बटण दाबणं.
हिरवा, बोला. पिवळा, आवरा. लाल, पुरे.
प्रत्येकाला दोन मिनिटं,
मग तो बिशप असो, हॉस्पिटलांचा वकील असो,
की क्रमांक एकतीस, ओनेटा प्रुइट,
जिनं फॉर्मवर 'संस्था' या रकान्यात
काही सुचेना म्हणून 'मी' लिहिलं होतं.

टेनेसी, विधिमंडळाचा तळमजला, फेब्रुवारी.
हीटर इतका पेटलेला
की सदस्यांचे कोट खुर्च्यांच्या पाठीवर.
तिनं मात्र अंगातला काढला नाही.

हिरवा.

मी म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, ती म्हणाली.
मिस्टर क्रॅबट्रींच्या पाठीचे पैसे सरकार देतं,
टाचांचे देतं,
गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीचे देतं.
माझ्या पाठीचे कोणी देत नाही.
तक्रार नाही ही. हिशेब सांगतेय.

माझ्या धाकट्याला, कॉर्बिनला, अठरा पूर्ण झाली.
केकवर आकडा काढत होते, तेवढ्यात टपाल आलं:
आता आपल्या घरात मूल नाही,
सबब आपलं कार्ड बंद.
मूल समोरच उभं होतं,
सहा फुटी, बोटानं क्रीम चाटत.

मग फोन केला, म्हटलं, विकत घेते विमा.
पलीकडची मुलगी फार गोड बोलली.
मॅडम, मदत मिळायला तुमची कमाई जरा कमी पडते.
मी विचारलं, म्हणजे मी गरीब आहे म्हणून नाही?
ती म्हणाली, गरिबांना मिळते.
तुम्ही त्याच्याही खाली आहात.

पिवळा.

आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना:
फायलींत या जागेला 'दरी' म्हणतात,
आणि डोंगरांच्या या राज्यात
कोणाला त्याचं नवल वाटत नाही.
दरीत किती माणसं राहतात
त्याचा तक्ता सकाळीच दाखवून झाला होता.
आधी तो उलटा लागला. थोडं हसू झालं.

डाव्या कुशीत मला काहीतरी लागतं, ती म्हणाली.
सुपारीएवढं. कुणाला दाखवलं नाही.
दाखवलं की त्याला नाव मिळेल,
नाव मिळालं की बिल येईल.
हेच मिस्टर क्रॅबट्रींच्या अंगावर दिसलं असतं
तर चोवीस तासांत फोन करायचा,
असा मला नियम आहे.

इथे लाल.
माझ्या पाकिटात सरकारी नोकराचं कार्ड आहे,
निळं, त्यावर बायकोचं नाव, दोन्ही मुलींची नावं.
गेल्या मार्चमध्ये माझं पित्ताशय काढलं.
बिल किती झालं, मला आजही ठाऊक नाही.

बोट बटणावर होतं. खाली गेलं नाही.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.
शेवटी तिनंच डोळे बारीक करून विचारलं,
झाला का लाल? मला इथून नीट दिसत नाही.

इतिवृत्तात नोंद आहे: दोन मिनिटं, एकोणीस सेकंद.

क्रमांक बत्तीस. हिरवा.

साडेपाचला मतदान झालं. चार विरुद्ध पाच.
पुढच्या अधिवेशनात बघू.
तोवर ती कधीच गेली होती;
चारची आंघोळ होती, आणि उशीर झाला
की म्हातारा टॉवेल गुंडाळून
टबच्या काठावर नुसता बसून राहतो.

रात्री शॉवरखाली
मी माझ्या डाव्या कुशीवरून हात फिरवला.
काही नव्हतं.
असतं, तर सकाळी डॉक्टरांना फोन केला असता.