अठरा थेंब

ल्यूटनचं पाणी खडूतून येतं.
टेकड्यांच्या पोटात मुरतं, वर्षानुवर्षं रेंगाळतं,
आणि नळाला येताना थोडी टेकडी सोबत आणतं.
किटलीच्या तळाशी ती पांढरी बसते,
शॉवरच्या जाळीत, नळाच्या मानेवर.
सोमवार ते गुरुवार, साडेआठ ते पाच,
मी लोकांच्या दातांवरूनही तसलंच काही खरवडत असते.
तो माझा धंदा.

शेजारच्या ऑब्री क्रॉसमननी गुडघा बदलून घेतला.
"सहा आठवडे माझे पेन्सिल-मासे तू बघ."
हातात किल्ली, एक वही, एक काचेची नळी.
नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकत मोजायचे,
नारिंगीचं हिरवं होईपर्यंत.
जितके थेंब, तितकं पाणी कठीण.
आमच्या नळाचे अठरा भरले.
वहीत लिहिलं होतं, चार.

मी म्हटलं, उन्नीस-बीस चालतं की,
आणि पहिल्या रविवारी नळाचंच ओतलं अर्धी टाकी.
सात मासे होते.
बुधवारी सहा.

मग वही नीट वाचली.
गॅरेजात तीन नळकांडी, पाणी त्यातून दाबून गाळायचं;
एक बादली मिळते तेव्हा तीन गटारात जातात.
त्या तीन माझ्याने सोडवेनात.
पायऱ्या धुतल्या, डबे धुतले, शेवटी गाडी.
गाडीवर पांढरे ओघळ उमटले ते उमटलेच.

चार भाग गाळलेलं, एक भाग नळाचं.
एक तरी नळाचं कशाला?
समासात लाल शाई:
नुसत्या मऊ पाण्याला आधार नसतो,
एका रात्रीत आंबून बसतं.
थोडा खडू राहू दे.

वर बदामाची पानं टाकायची, वाळकी.
पाकीट उघडलं. दहा पानं, सात पौंड.
अगं बाई, हीच ती!
वेंगुर्ल्याच्या शाळेत झिलू शिपाई
शनिवारी यांचे ढीग पेटवायचा
आणि अख्खी चौथी ब खोकत बसायची.
हिशेब केला आणि सोडून दिला.

पानं दोन दिवस तरंगली, तिसऱ्या दिवशी बुडाली.
पाणी पिवळट झालं, मग कोऱ्या चहासारखं.
त्या अंधारात माशांच्या अंगावरच्या रेघा
कुणी नव्याने आखल्यासारख्या गडद.

फोटो घेऊन डन्स्टेबलला गेले, त्यांच्या मुलीकडे.
त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.
"गयानात आमचा ओढा असाच काळा.
काळा, पण घाण नाही.
हात बुडवला की कोपराच्या पुढे दिसायचा नाही,
आणि साबण लावला तर फेस धुता धुवायचा नाही.
चौदाव्या वर्षी इथं आलो. पहिली आंघोळ. फेसच नाही.
मला वाटलं, या देशातला साबण खोटा."

मी हसले. मला वाटलं होतं, डाळ खोटी.
अकरा वर्षं या गावात माझी तूरडाळ शिजली नाही,
अक्षरशः म्हणतेय मी. सोडा घातला, रात्रभर भिजवली,
सात शिट्ट्या, आठ शिट्ट्या,
दुकान बदललं, कुकर बदलला,
आईला फोनवर सांगितलं, इथली डाळच निबर.

त्या रात्री गॅरेजातून एक जग भरून घेतला.
चौथ्या शिट्टीला गॅस बंद केला.
झाकण उघडलं तर डाळ नव्हतीच,
नुसतं पिवळं मेण.
उभ्या उभ्या दोन वाट्या खाल्ल्या, मीठसुद्धा न घालता.

वहीत नोंद केली, कारण वही त्यांची:
गाळलेलं पाणी, एक लिटर, डाळीसाठी.
आणि त्याच्या वर, जिथं दोन आठवडे जागा सोडली होती:
मासे, सहा.

ते काठी टेकत आले. खुर्चीत बसून वही वाचली.
टाकीकडे पाहत बोट हवेत हलवत राहिले,
सहापर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.
काही बोलले नाहीत.
लाल पेन काढलं,
डाळीच्या ओळीखाली लिहिलं:
थोडा खडू राहू दिलास ना?