मीठ

आईच्या गळ्याला काळ्या मखमलीची पट्टी असायची,
चार बोटं रुंद, मागे तीन हूक.
वालिसच्या आमच्या खोऱ्यात सगळ्याच बायकांना असायची,
म्हणून मला तो दागिना वाटे.
पट्टीखाली उकडलेल्या बटाट्याएवढा गलगंड.
आडवं झालं की तो श्वासावर बसे.
आई कित्येक वर्षं भिंतीला टेकून झोपली.

पाद्री म्हणायचे, पाण्याचा दोष.
थेओफिल खाटीक म्हणायचा, आळस सुजतो.
मग नोव्हेंबरात, डुक्कर कापायच्या दिवशी,
डॉक्टर रुप्पेननी त्याच्याच हातची सुरी मागून घेतली
आणि श्वासनळीवरची एक गडद लाल गाठ सोडवून
पोरांच्या तळहातावर फिरवली.

हिला नळी नाही, ते म्हणाले.
लाळेला वाट असते, घामाला वाट असते.
ही जे करते ते थेट रक्तात सोडते,
रक्त जाईल तिथे निरोप:
हाडांनो, वाढा.
हृदया, चाल सोडू नकोस.
पोटातल्या मेंदूला, जागा हो.

मग त्यांनी भुवयांच्या मधोमध बोट रोखलं.
आत खोल हाडाचं एक खोगीर आहे,
त्यावर वाटाण्याएवढी दुसरी बसलीय.
रक्तात निरोप कमी पडला की ती गळ्याला हाक घालते,
पुरेसा झाला की गप्प.
पण निरोप विणायचा तर आयोडीनचा धागा हवा,
आणि तो आपल्या मातीत नाही.
हिमनद्यांनी डोंगर खरवडले, धुतले,
सगळं समुद्राला नेऊन दिलं.
(समुद्र आमच्यात कुणी पाहिला नव्हता.)
वरून हाक, पुन्हा हाक,
आणि गळा नवे माग टाकत जातो
सुताशिवाय.
आळशी गळा सुजत नाही, पोरांनो.
हा फार ऐकतो म्हणून सुजतो.

हे आईकडून कळलं. मी तेव्हा नव्हते.
अलोईस होता. चौदाचा, उंचीने सहाचा,
जन्मापासून बहिरा.
गाठ हातात घेऊन तो खूप हसला म्हणे.

मीठ खेचरावरून आलं.
डॉक्टरांनी पोटमाळ्यावर ते फावड्याने पाचदा उलथलं,
गोणीभर मिठात चिमटीहून कमी आयोडीन.
एका माणसाला जन्मभरात एक चमचा पुरतो.
बर्फ वितळेपर्यंत पट्टी सैल झाली,
दुसरं हूक, मग तिसरं.
एका रात्री आई आडवी झोपली
आणि सकाळी उठून
मिठाचा डबा तिने अलोईसपुढे सरकवला.
अख्खा.
तिचं सूप अळणी, त्याचं खारट.

लुडविना, डॉक्टर म्हणाले, त्याला उशीर झाला.
निरोप ज्या महिन्यांत पोचायला हवा होता
ते महिने तुझ्या पोटातच सरले.
आई म्हणाली,
मग मलाच का वेळेवर?
पट्टी पुन्हा घट्ट झाली.

मग माझी चाहूल लागली.
समजवायला कुणी आलं नाही.
तिने डबा स्वतःकडे ओढला,
बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा बुडवलं.
अलोईस पाहत होता.

मी तीन आठवड्यांची असताना
तिने पाळण्यामागे पितळी डाव फरशीवर टाकला.
मी दचकले.
तिने उचलला, परत टाकला.
बाहेर खेचर बुजलं, शेजारची फिलोमेना धावत आली,
आई टाकतच होती.
कोपऱ्यात अलोईस काटक्या रचत होता,
एकदाही वळला नाही.

आता मी एक्काहत्तरची. गळा सपाट.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ते मीठ तिचं होतं,
का त्याच्यापुढून उचललेलं?

बोलू लागले तेव्हा तो माझ्या गळ्यावर दोन बोटं टेकायचा,
डोळे मिटून.
मी काहीही सांगायची:
कोंबडी खुडूक बसली. थेओफिल पडला. दूध उतू गेलं.
कातडी थरथरली की तो मान हलवायचा
आणि बोटं तिथेच ठेवायचा,
मी आणखी बोलेपर्यंत.