पारसिक, पायी

माझं माहेर सपाट, मंगळवेढ्याकडचं.
तिथं लांबून एस.टी. दिसते
आणि ती पोचेपर्यंत आणखी एक भाकरी थापून होते.
म्हणून चढ म्हटला की मी अजूनही
आधी पदर खोचते, विचार नंतर.

रविवारी मल्लेश म्हणाले, आज रिक्षा नाही.
अकरा वर्षं बेलापुरात राहतोय आणि आपल्याला माहीत काय,
तर स्टेशन, शाळा आणि गॅस एजन्सी.
कॅलेंडरच्या मागे त्यांनी लिहूनही काढलं : निघणे सहा.
निघालो पावणेआठला.
सुजलचा एक मोजा सापडत नव्हता.

आर्टिस्ट व्हिलेजच्या गल्ल्यांतून गेलो,
जिथे घरांना अजून अंगणं आहेत
आणि अंगणात कुणाची तरी सायकल उताणी.
ईश्वरीने भेटेल त्या मांजराचं बारसं केलं.

मग रस्ता उठून उभाच राहिला.

पहिल्या वळणावर सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला.
एका बंगल्याच्या वॉचमनने आपली प्लास्टिकची खुर्ची दिली.
त्या बसल्या, पोह्यांचा डबा मांडीवर घेतला,
म्हणाल्या, जावा तुम्ही.
मला काय डोंगर नवा आहे होय?

पुढच्या फाटकावर दुसरा वॉचमन : कुणाकडे जायचंय?
मामा थांबले नाहीत.
कुणाकडे नाही. वर.

सत्तरी ओलांडलेले माझे सासरे, भीमाण्णा,
डोक्यावर नुसती टोपी,
पण चालतात पाटी असल्यासारखे,
मान ताठ, पावलं जपून.
त्यांच्यापुढे त्या दिवशी कुणाला जाता आलं नाही.

एका जागी रस्त्याने डोंगर उभा कापलाय.
कातळात वरून खाली अर्धगोल चर, बोटभर रुंद.
मामांनी त्यात अंगठा फिरवला.
सुरुंगाचं भोक, म्हणाले, निम्मं.
उरलेलं निम्मं दगडाबरोबर गेलं.
असं एक पाडायला सकाळ जायची
आणि दुपारी हातातला तांब्या थरथरायचा.

सुजलने विचारलं, हे तू केलंस?

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. ते हो म्हणाले असते
तर तिथेच फोटो निघाला असता.

नाही रे. आमची खाण पलीकडच्या अंगाला.
हे दुसऱ्या कुणीतरी केलं.
आणि चालू लागले.

मग माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
मल्लेश फोनवर चांभार शोधू लागले.
मामांनी एका रोपाच्या कुंपणाची तार सोडवली,
दोन पीळ दिले, दातांनी टोक दाबलं.
ती चप्पल मी अजून घालते,
डाव्या पायाला जरा टोचते.

वर बाक होतं, घामेजलेले जॉगर होते,
खाली खाडी, जस्ताच्या पत्र्यासारखी,
आणि पलीकडे नवं विमानतळ.
एक विमान पोट दाखवत उतरलं.
मुलं ओरडली.
मामा विमान बघत नव्हते.

तिथं, उलव्याच्या बाजूला, एक टेकडी होती.

मग कुठे गेली? ईश्वरीने विचारलं.

कामाला गेली.

सुजलने जरा विचार केला.
म्हणजे संध्याकाळी येईल.

लगेच कुणी हसलं नाही.

उतरताना पोटऱ्यांनी माझं माहेर काढलं.
खाली सासूबाईंना त्या वॉचमनच्या
तिन्ही मुलींची स्थळं तोंडपाठ झाली होती
आणि डब्यात पोह्यांऐवजी एक धुतलेला चमचा.
इतका वेळ लागतो होय, म्हणाल्या,
नि खुर्चीतून उठायला हात पुढे केला, मामांकडे.
मामांनी ओढून घेतलं.
दोघंही माझ्यासमोर असं कधी करत नाहीत.

रात्री वॉशिंग मशीन धडधडू लागलं.
बंद केलं, हात घातला.
सुजलच्या चड्डीच्या खिशात दगड, काळा, एका बाजूला सपाट.
मी तो पुसला.
बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटतं,
त्याला टेकण लावला.

सकाळी मामांनी त्याच्याकडे बघितलं,
पायाने जरासा फिरवून नीट बसवला,
आणि चहा मागितला.