खानविलकरांचं लॉगिन

सोहार नगरपालिकेच्या तळघरात
सर्व्हरना अठरा अंशांची थंडी लागते.
बाहेर शेहेचाळीस.
मी स्वेटर घालून बसते, ऑगस्टमध्ये.

ऑडिटवाल्यांनी विचारलं, हा कोण?
रोज सकाळी सात दहाला आत येतो,
पाणीपट्टीच्या नोंदी उघडतो.
दिनानाथ खानविलकर तर
चार वर्षांपूर्वी गेले.
गुहागरला नव्हे. गेलेच.

बद्रियाने कीबोर्ड उलटा केला :
पिवळी चिठ्ठी, त्यांचंच अक्षर,
मुलीचं नाव आणि जन्मसाल.
"याच्याशिवाय बिलं निघत नाहीत," ती म्हणाली,
"आम्ही सगळे हेच वापरतो.
भला माणूस होता."

डोळ्यांत तेल घालून राखायचं असतं हे;
तेलाला इथे काय तोटा!
पण किल्ली अजून दाराशेजारच्या कोनाड्यातच ठेवतात माणसं,
देश कुठलाही असो.

त्याच तक्त्यात खाली मी आहे.
केळसकर, सुहिता. कंत्राटी.
मुदत संपायला एकोणतीस दिवस.
ती तारीख बदलायचा अधिकार
फक्त दोघांना आहे.
त्यातली एक मी.

बोट तिथे थोडं रेंगाळतं.
मग वर सरकते.
खानविलकर. निष्क्रिय करा.
यंत्र विचारतं, नक्की?

सकाळी सात दहाला फोन वाजतो.
खिडकीशी बावीस माणसं उभी,
आणि बद्रिया विचारते,
आता कुणाच्या नावाने आत जायचं?